निल्दाच्या घराचे पैसे

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी निल्दाकडे जेवणं उरकली. टेबलावरची भांडी अजून उचललीही नव्हती, तोच पैशांचा विषय निघाला. पैसे निल्दाचे आणि तिच्या नवऱ्याचे, अनिबालचे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी नुकताच विकला होता, ताबा महिनाअखेरीला द्यायचा होता. साखरेच्या आजारापायी अनिबालचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. तीस वर्षं रोसारिओ शहराच्या रस्त्यांवर बस चालवलेला हा धिप्पाड माणूस त्या दोन वर्षांत फक्त नऊ वेळा खाली उतरला होता, आणि नऊही वेळा इस्पितळात जायला. आता एवारिस्तो पेर्ना नावाच्या एका म्हाताऱ्या औषधविक्रेत्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट ठरला होता. पाच हजार डॉलर इसार देऊन झाला होता. उरलेले पंचेचाळीस हजार तीस तारखेला, खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. तोवर ते निल्दाच्या मोठ्या भावाने, देल्फोरने, आपल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते.

"साडेतीन आठवडे नुसते पडून राहणार ते," देल्फोर म्हणाला. "लॉकर काही व्याज देत नाही."

"मग काय करायचं म्हणतोस?" निल्दाने विचारलं.

"मी लावतो शेअरमध्ये. बाजार वर चाललाय. तिसाच्या आधी काढून घेऊ. अनिबालला विजेवर चालणारी खुर्ची येईल त्यात."

"तुला कळतं त्यातलं. मला कशाला विचारतोस?"

अनिबाल पावाच्या तुकड्याने ताटली पुसत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "मेव्हण्या, आणि खाली गेला तर?"

"कोण, बाजार? गेलाच तर हजार-पाचशे. तेवढे मी माझ्या खिशातून घालीन."

"बघ हं बाबा. तुझ्याशी भांडायला मला काही तीन मजले उतरता यायचे नाहीत."

तिघंही हसले. निल्दा कॉफी आणायला आत गेली.

देल्फोर बेर्तोसी त्रेसष्ट वर्षांचा होता. सगळं आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात गेलं होतं. बायकोपासून तो केव्हाच वेगळा झाला होता, मूलबाळ नव्हतं. २००१च्या डिसेंबरात बँकांनी लोकांचे पैसे आत अडकवून ठेवले, तेव्हा त्याचीही पुंजी अडकली आणि हातात आली तेव्हा तिची पाव किंमत उरली होती. तेव्हापासून बँकेच्या खात्यात पैसा ठेवायचा नाही अशी त्याने खूणगाठ बांधली. तो शेअरबाजार शिकला. घराच्या पुढच्या भागातलं दुकान कायमचं बंद केल्यावर तर रोज सकाळी अकराला तो येर्बाच्या पाल्याचा कडू काढा घेऊन संगणकासमोर बसायचा, कंपन्यांचे ताळेबंद वाचायचा, वहीत आकडे उतरवायचा. आठ वर्षांत त्याने बारा हजार डॉलर जमवले होते. देशात महागाई लोकांचं पेन्शन कुरतडून खात असताना हे काही थोडकं नव्हतं. आरोयितो भागातले ओळखीचे लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय घ्यावं, काय विकावं. निल्दा बाजारात भाजी घेताना सांगायची, "माझ्या भावाला विचारा, त्याला सगळं कळतं." हे त्याच्या कानावर यायचं आणि त्याला बरं वाटायचं.

बुधवारी त्याने लॉकर उघडला. निल्दाचे पैसे त्याने तीन ठिकाणी लावले: एका बँकेच्या, एका वीज कंपनीच्या आणि गॅस पुरवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये. त्याचे स्वतःचे पैसे आधीपासून तिथेच होते. शुक्रवारी बाजार एका दिवसात आठ टक्के उसळला. रविवारी पूर्वनिवडणूक होती. पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान, पण ऑक्टोबरात कोण जिंकणार ते यातूनच दिसणार असं सगळे धरून चालले होते. सरकार थोड्या फरकाने मागे राहील आणि नंतर भरून काढील, असं दूरदर्शनवर टाय लावलेली माणसं सांगत होती. बाजाराला हेच सरकार हवं होतं, त्यामुळे ते आवडलं होतं.

देल्फोरने लगेच बहिणीला फोन लावला. "खुर्ची आली समज!"

"कसली खुर्ची?"

"विजेवरची! तीन हजार वर आहोत दोन दिवसांत."

पलीकडून निल्दाचं ओरडणं ऐकू आलं, "अनिबाल! ऐकलंस का? आता तू मला चाकाखाली चिरडणार आहेस!"

रविवारी संध्याकाळी निकाल लागला. सरकार पंधरा टक्क्यांनी आपटलं होतं.

सोमवारी देल्फोर दहालाच संगणकासमोर जाऊन बसला. न्यूयॉर्कमध्ये त्याच कंपन्यांचे शेअर बाजार उघडण्याआधीच निम्म्यावर आले होते. ते आकडे त्याने पाहिले आणि संगणकात काही बिघाड असेल असं वाटून तो बंद करून पुन्हा सुरू केला. अकराला इथला बाजार उघडला. गिऱ्हाईकच नव्हतं. विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कोणी नाही. डॉलर पंचेचाळीस पेसोंवरून साठावर गेला, म्हणजे शेअर पेसोत पडत होते आणि पेसो डॉलरपुढे पडत होता. त्याने हिशेब मांडला. निल्दाचे पंचेचाळीस हजार एकवीसवर आले होते. अजून दुपारचे बारा वाजायचे होते.

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, आणि तिथे कशासाठी आलो ते आठवेना म्हणून नळ बंद करून परत आला.

फोन वाजला. निल्दा होती. "अरे, बातम्यांत काहीतरी दाखवतायत बाजाराचं. आपलं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," देल्फोर म्हणाला. "बातम्यावाले काय, त्यांना आग लागलेली आवडतेच."

"मीही तेच म्हटलं अनिबालला. बरं ऐक, पेर्नाकडे जाऊन न्हाणीघराचं दार मोजून आले. खुर्ची जाते आत! दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहते."

"छान झालं," तो म्हणाला.

मंगळवारी बाजार थोडा वर आला आणि तेच वाईट झालं. सोमवारी तो हादरला होता, विकलंही असतं कदाचित. मंगळवारच्या त्या चढाने त्याला आशा लावली. त्याने जुन्या वह्या काढल्या. २००८मध्ये पडला होता, परत आला. मागच्या वर्षी पडला होता, परत आला. भ्यायलेले लोक तळाला विकतात आणि शहाणे घेतात, हे तो स्वतः लोकांना सांगत आला होता. मग तो भ्यायलेल्यांत का जाऊन बसेल? थांबायचं असं त्याने ठरवलं. बुधवारी बाजार पुन्हा घसरला. गुरुवारी घसरला. देल्फोरला जेवण जाईना. अंघोळ करताना, दाढी करताना, पाव विकत घेताना डोक्यात एकच वजाबाकी चालायची, आणि उत्तर दर वेळी थोडं आणखी खाली यायचं. निल्दाचा दिवसाआड फोन यायचा. पडद्यांना कोणता रंग, जुनं कपाट न्यावं की विकून टाकावं, अंगणात लिंबाचं झाड लावू देतील का. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचा. कपाट ठेव म्हणाला. पिवळे पडदे घे म्हणाला.

बावीस तारखेला तो पेर्नाकडे गेला.

पेर्ना ऐंशीच्या घरातला, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला, अगदी सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने देल्फोरला बसवलं. टेबलावर सफरचंदाच्या केकचा अर्धा तुकडा होता.

"तुमच्या बहिणीनेच आणून दिला परवा," तो म्हणाला. "फार चांगली बाई. घर तिच्या हातात जाणार म्हणून मला समाधान आहे."

"साहेब, मला तीन महिने मुदत हवी आहे," देल्फोर म्हणाला.

पेर्नाने चष्मा काढला. "का?"

देल्फोरने सांगितलं. त्याने बाजार पुन्हा कसा वर येतो ते समजावून सांगायला सुरुवात केली, २००८चा दाखला दिला. मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो मधेच थांबला.

"माझी मुलगी माद्रिदला आहे," पेर्ना म्हणाला. "मी एक तारखेला तिच्याकडे जातोय, कायमचा. मला पैसे हातात हवेत, नाहीतर तिच्या दारात भिकारी म्हणून उभा राहीन मी. दुसरं एक गिऱ्हाईक थांबलेलं आहे. तीस तारखेला रक्कम आली नाही तर इसार माझा आणि घर त्याचं. करारात तसंच लिहिलंय."

"माझा मेव्हणा अपंग आहे हो."

"ठाऊक आहे मला. तुम्हाला नव्हतं का ठाऊक?"

देल्फोर टेबलावरच्या केककडे पाहू लागला.

"बाईंना माहीत आहे हे?" पेर्नाने विचारलं.

"नाही."

"मग सोमवारी सकाळी मी त्यांना फोन करणार," पेर्ना म्हणाला. "तोवर तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ऐकायला लावू नका त्यांना."

रविवारी दुपारी देल्फोर तीन मजले चढून गेला. घरभर खोकी पसरली होती. निल्दा जमिनीवर बसून ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. अनिबाल टेबलाशी बसून खोक्यांवर जाड पेनाने नावं लिहीत होता.

"आलास? हे बघ, बशा कशा बांधल्यात, एकही फुटायची नाही," ती म्हणाली. "अरे, किती वाळलायस तू! आजारी आहेस का?"

"निल्दा, पैसे गेले," देल्फोर म्हणाला.

निल्दाने हातातली ताटली खाली ठेवली. "कुठे गेले?"

"बाजारात. निम्म्याहून जास्त गेले. सतरा हजार उरलेत. माझेही गेले, पण ते सोड. मी विकायला हवं होतं, मी थांबलो. परत वर येईल असं वाटलं."

अनिबालच्या हातातलं पेन खोक्यावर तसंच टेकलेलं राहिलं. पुठ्ठ्यावर शाईचा डाग पसरत गेला.

"तू म्हणालास, ठीक आहे," निल्दा म्हणाली. तिचा आवाज अजून चढला नव्हता. "त्या सोमवारी मी विचारलं तुला. तू म्हणालास, ठीक आहे."

"हो."

"मी पडदे शिवायला टाकलेत, देल्फोर. तू पिवळे म्हणालास. तू दोन आठवडे माझ्याशी पडद्यांवर बोलत होतास!"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! तुला नेहमी काहीतरी वाटतं! मला शनिवारी हे घर रिकामं करून द्यायचंय. मी याला कुठे नेऊ? सांग ना, तुला सगळं कळतं ना? याला पाठीवर घेऊन कुठे जाऊ?"

"निल्दा," अनिबाल हळूच म्हणाला.

"तू गप्प बस! तू विचारलं होतंस त्याला. तू एकट्याने विचारलंस, आणि मी हसले!" ती उठून उभी राहिली. "जा इथून. जा. मला तुझं तोंड बघायचं नाही."

देल्फोर खाली आला. तो चालत राहिला आणि पाराना नदीकाठच्या कठड्याशी जाऊन थांबला. रविवार होता. लोक सहकुटुंब आले होते, घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. ऑगस्टचा, ऐन हिवाळ्यातला थंड वारा सुटला होता आणि नदी गढूळ, जड, वेगाने वाहत होती. तो कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आपला विमा नाही, आपण गेलो तर निल्दाला आपल्या राहत्या घराशिवाय काही मिळणार नाही, पण घर मिळेल, ते तळमजल्यावर आहे, असा विचार त्याच्या मनात आला. विचार इतका स्वच्छ, इतका हिशेबी होता, की तोच त्याला सर्वांत भयंकर वाटला. तिथे तो किती वेळ उभा होता ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. शेजारच्या खुर्च्यांवरचं एक कुटुंब उठून गेलं आणि दुसरं येऊन बसलं.

फोन वाजला. निल्दा.

"कुठे आहेस?"

"नदीवर."

पलीकडे खोकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "वर ये. अनिबालला संडासाला न्यायचंय. सकाळपासून माझी पाठ धरलीय, मला एकटीला उचलवत नाही."

"येतो."

"लगेच ये. रेंगाळू नकोस तिथे."

तो धावतच गेला. दोघांनी मिळून अनिबालला उचललं, नेलं, आणलं. अनिबालने खुर्चीत बसल्यावर देल्फोरचा दंड धरला आणि सोडला.

"माझ्या घरी या," देल्फोर म्हणाला. "आत्ताच, शनिवारची वाट बघू नका. तळमजला आहे. मी पुढच्या बंद दुकानात झोपेन. न्हाणीघराचं दार अरुंद आहे, ते मी फोडतो. घर तुमच्या नावावर करून देतो, वकिलाकडे उद्या जाऊ."

"उद्या शेअरच्या दलालाकडे जायचंय," निल्दा म्हणाली. "मला घेऊन चल. माझे पैसे कुठे आहेत ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

दलालाची कचेरी कोर्दोबा रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती, सगळी साठीच्या आसपासची, आणि इस्पितळात बसतात तशी एकमेकांकडे न बघता बसली होती. एक म्हातारी हातातली पावती उलटीसुलटी करून पाहत होती. मिर्ता विदोलेती नावाची बाई देल्फोरचं खातं सांभाळायची. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. तिने संगणकाचा पडदा निल्दाकडे वळवला.

"हे बँकेचे. हे विजेचे. हे गॅसचे. आज विकले तर डॉलर करून साधारण सतरा हजार दोनशे."

"पुढे काय होईल?" निल्दाने विचारलं.

"वर जाऊ शकतात. किंवा..."

"बाई, मी शाळेत स्वयंपाक करायचे. मला 'शकतात' नको. तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"सव्वीस."

"तर मग सांगा."

मिर्ताने चष्मा सारखा केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच सांगते. इथे कोणालाच माहीत नाही. माझ्या आईचेही यातच आहेत."

"विका," निल्दा म्हणाली.

"निल्दा, ऐक जरा," देल्फोर पुढे सरकला. "आत्ता विकणं म्हणजे तोटा कायमचा. ह्या कंपन्या बुडालेल्या नाहीत. लोकांना वीज लागणारच, गॅस लागणारच. वर्ष, फार तर दोन वर्षं..."

"दोन वर्षं अनिबाल काय करील? दोन वर्षं त्याला जिवंत राहायला कोण सांगेल?" ती त्याच्याकडे वळली. "तुझं बरोबरही असेल. पण हा पैसा थांबायचा नव्हताच. तो चार आठवड्यांचा पैसा होता. हे तुला कळायला नको होतं?"

देल्फोर मागे सरकला. मग मिर्ताला म्हणाला, "माझेही विका. ते तिच्यातच घाला."

सह्या झाल्या. दोघांचे मिळून बावीस हजारांना थोडे कमी पडले. दोनच दिवसांनी सरकारने आपल्या कर्जाची देणी पुढे ढकलली आणि तेच शेअर आणखी कोसळले, आणि त्या रविवारी डॉलर खरेदीवर बंधनं आली. विकलं ते बरं झालं, असं मिर्ताने फोन करून सांगितलं. त्यात कोणाला आनंद झाला नाही. इसाराचे पाच हजार पेर्नाकडे राहिले. खरेदीखताच्या दिवशी, तीस तारखेला, देल्फोर आपल्या न्हाणीघराची चौकट घणाने फोडत होता.

निल्दा आणि अनिबाल त्याच्याकडे राहायला आले. घर त्याने बहिणीच्या नावावर करून दिलं. तिने सही केली, पण आभार मानले नाहीत. तो पुढच्या दुकानात, घासण्याच्या यंत्राशेजारी, घडीच्या पलंगावर झोपू लागला. सप्टेंबरात त्याने शहरातल्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी धरली. पगार झाला की पाकीट तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा आणि निल्दा ते न उघडता उचलायची. त्याचं ताट ती वाढायची, कपडे धुवायची. कामापुरतं बोलायची: "दार ओढून घे," "गोळ्या संपल्या." अनिबाल मात्र पहिल्याच आठवड्यात त्याला म्हणाला, "मेव्हण्या, दोन वर्षांनी रोज फुटपाथवर बसतोय मी. माणसं हात करतात. हे तुझ्यामुळे झालं म्हणून मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण बसतोय हे खरं." देल्फोरने मान हलवली. कोपऱ्यावरचे लोक आता त्याला सल्ला विचारत नव्हते. निम्म्यांची तीच गत झाली होती, आणि काहींनी तर त्याचं ऐकूनच पैसे लावले होते. ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी निल्दा दुकानाच्या दारात आली. पर्स काखेत होती.

"पेरेस गावात एक लहानसं घर विकाऊ आहे. बघायला चाललेय. पुढेमागे भाड्याने देता येईल, अनिबालच्या औषधांचं भागेल. तू चल. पण तोंड उघडायचं नाही."

बसमध्ये ती पुढे बसली, तो तिच्या मागे. घर खरंच लहान होतं, दोन खोल्यांचं. मालक बोलघेवडा होता. घराच्या किमती आता वाढतच जाणार, आज घेतलं नाही तर उद्या पस्तावाल, असं तो पुनःपुन्हा सांगत होता. निल्दाने भिंती हाताने चाचपल्या, नळ सोडून पाहिले, छपराकडे पाहिलं, आणि मालकाला एकदाही हो की नाही म्हटलं नाही. देल्फोर तिच्या मागून खोल्याखोल्यांतून फिरला. ठरल्याप्रमाणे त्याने तोंड उघडलं नाही.

परतीच्या बसची वाट बघत दोघं थांब्यावर उभे राहिले, निल्दा एका झाडाच्या अरुंद सावलीत आणि देल्फोर उन्हात. बस येत नव्हती.

"काय वाटलं तुला?" निल्दाने रस्त्याकडेच बघत विचारलं.

सहा महिन्यांत तिने त्याला असं काही विचारलं नव्हतं.

"मागच्या भिंतीला ओल आहे," तो म्हणाला. "वरून रंग दिलाय. नवीन आहे रंग."

"मीही बघितलं," ती म्हणाली.

मग तिने पर्स उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली, आणि त्याला सावलीत उभं राहता यावं म्हणून थोडी बाजूला सरकली.